निकाल ठाऊक असलेला सामना

होऊन गेलेल्या सामन्यांत पुन्हां कोणी जिंकत नाहीं व पुन्हां कोणी हरत नाहीं, ही गोष्ट उघड आहे. असें असतांही अमेरिकेंतील एन्. बी. ए. या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या वाहिनीवर ‘हार्डवुड क्लासिक्स’ या नांवानें गाजलेले जुने सामने वर्षानुवर्षें दाखविले गेले, आणि ते आवडीनें पाहणारा प्रेक्षकवर्गही त्यांस लाभला. २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें चालू हंगाम थांबला, तेव्हां तर क्रीडावाहिन्यांस अशा जुन्या सामन्यांचाच आधार उरला. ज्याचा निकाल केव्हांच नोंदला गेला, तो खेळ पाहण्यांत रस तो कोणता, आणि अशा पाहण्यानें पाहणाऱ्याच्या न्यायबुद्धीवर कांहीं परिणाम होतो कीं काय, या प्रश्नाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खेळाचा जीव अनिश्चिततेंत आहे, ती गेली कीं मागें उरतें तें केवळ कलेवर, असा आक्षेप सहज सुचतो. परंतु ही अनिश्चितता खेळांत असते कीं पाहणाऱ्याच्या अज्ञानांत? १९८० सालच्या अंतिम मालिकेंतील सहावा सामना १६ मे रोजीं फिलाडेल्फिया येथें झाला. करीम अब्दुल-जब्बार जायबंदी असल्यामुळें वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सननें त्याची जागा घेतली, आणि ४२ गुण मिळवून लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघास विजेतेपद मिळवून दिलें. पण अमेरिकेंतील बऱ्याच भागांत हा सामना चालू असतांना दाखविलाच गेला नाहीं. रात्रीं उशिरां त्याचें मुद्रण दाखविण्यांत आलें. त्या रात्रीं ज्यांनीं श्वास रोखून तो पाहिला, ते वस्तुतः संपलेलाच खेळ पाहत होते. निकाल त्यांच्या कानीं आला नव्हता, एवढाच काय तो फरक! तेव्हां जी हुरहूर आम्ही खेळाचा प्राण समजतों, ती पुष्कळ अंशीं आमच्या न जाणण्याची आहे, असें म्हणणें प्राप्त होतें.

यावर कोणी म्हणेल, शकुंतलेची अंगठी अखेर सांपडणार हें ठाऊक असूनही रसिक नाटकास जातोच कीं नाहीं? दृष्टांत खरा, पण तो अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतो. नाटकांतील सुखदुःख कवीनें योजिलेलें असतें. मैदानावरील सुखदुःख कोणींही योजिलेलें नसतें. तेथें घाम गाळणारीं माणसें खरीं असतात, आणि पुढच्या क्षणीं काय होणार हें त्यांस ठाऊक नसतें. आम्हांस मात्र तें ठाऊक असतें. दुसऱ्याच्या भविष्याचें असें ज्ञान हातीं असणें ही लहान गोष्ट नव्हे. आणि येथेंच प्रश्न मनोरंजनाचा न राहतां नीतीचा होतो.

कारण अशा उंच आसनावर बसणाऱ्यास एक मोह हटकून पडतो, तो म्हणजे फळावरून कर्माची व कर्त्याची किंमत ठरविण्याचा. १९९५ सालच्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यांत ऑर्लंडो संघ तीन गुणांनीं पुढें होता. सुमारें दहा सेकंद उरले होते. अशा वेळीं निक अँडरसनचे एकामागून एक चार फ्री थ्रो हुकले. ह्यूस्टननें बरोबरी साधली आणि जादा वेळांत १२० विरुद्ध ११८ असा विजय मिळविला. हा सामना पुन्हां दाखविला जातो तेव्हां पाहणारा आरंभापासून त्या चार फेकींचीच वाट पाहत बसतो. महिन्यापूर्वींच याच अँडरसननें मायकेल जॉर्डनच्या हातून चेंडू हिसकावून आपल्या संघास सामना मिळवून दिला होता, याची आठवण मग कोणास राहते? पुढें १९९६-९७ च्या हंगामांत फ्री थ्रोमधील त्याचें यश शेंकडा चाळिसांवर घसरलें. त्या रात्रीचा भार त्यानें किती वाहिला तें त्याचें त्यालाच ठाऊक. पण दर पुनःप्रक्षेपणाबरोबर तो भार वाढविण्यास आपणही हातभार लावतों कीं काय, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.

पण याच पाहण्याला दुसरी बाजू आहे. ४ जून १९७६ रोजीं बोस्टन येथें झालेला बोस्टन व फीनिक्स यांचा सामना घ्या. दुसऱ्या जादा डावाच्या शेवटीं बोस्टन एका गुणानें पुढें गेलें, आणि सामना संपला असें समजून प्रेक्षक मैदानांत घुसले. पंचांनीं एक सेकंद शिल्लक असल्याचें ठरविलें. एका सेकंदांत मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू नेणें अशक्यच. तेव्हां फीनिक्सच्या पॉल वेस्टफालनें, संघाचे सर्व ‘टाइम-आउट’ संपले आहेत हें ठाऊक असतांना, मुद्दाम आणखी एक मागितला. दंड म्हणून बोस्टनला एक गुण मिळाला. परंतु फीनिक्सला चेंडू मैदानाच्या मध्यापासून मिळाला, आणि गार हर्डनें तो दुरूनच बास्केटमध्यें टाकून बरोबरी केली. तिसऱ्या जादा डावांत फीनिक्स १२८ विरुद्ध १२६ असें हरलें. संघटनेनें पुढें नियम बदलून ती वाट बंद केली.

प्रथम पाहणाऱ्याचें चित्त जयापजयाकडे ओढलेलें असतें. त्या गदारोळांत वेस्टफालची युक्ति समजून घेण्यास त्यास उसंत कोठून असणार? निकालाची ओढ संपली म्हणजे मग कृति कृति म्हणून दिसूं लागते. गीतेनें फलाशेचा त्याग कर्त्यास सांगितला आहे. तो प्रेक्षकासही थोडाबहुत साधतो, तो अशा वेळीं. हरणाऱ्याचें शहाणपण शहाणपणच होतें, आणि चुकणाऱ्यानें चूक केली ती पुढचें न दिसणाऱ्या माणसाची होती, हें तेव्हां कळतें.

मात्र निवड करणाऱ्यांच्या हातीं फार मोठी सत्ता असते, हेंही विसरतां कामा नये. ठरलेल्या वेळांत बसविण्यासाठीं सामन्याचे कांहीं भाग गाळले जातात, आणि गाळलेल्या सामन्यांत शेवट जणूं अटळच होता असें वाटूं लागतें. शिवाय जें मुद्रित झालें नाहीं त्याचें काय? २ मार्च १९६२ रोजीं हर्शी येथें विल्ट चेंबरलेननें एकट्यानें १०० गुण मिळविले. जागेवर सुमारें चार हजारच लोक होते, आणि त्या सामन्याचें चलच्चित्र उपलब्ध नाहीं. म्हणून तो पराक्रम उणा ठरत नाहीं.

आमच्या मतें जुना सामना पाहणें हा न्यायबुद्धीचा एक अभ्यास होऊं शकतो. संसारांत आपण रोज हाच अन्याय करीत असतों. ज्याचा व्यापार बुडाला तो मूर्ख ठरतो, ज्याचा तरला तो दूरदर्शी. आणि निवाडा देणारे आपण सर्व निकाल ठाऊक झाल्यानंतर आलेले प्रेक्षक असतों. कर्त्यास त्या क्षणीं जेवढें दिसत होतें तेवढ्याच उजेडांत त्याची कृति पाहण्याची संवय करमणुकीच्या दोन घटकांत लागली, तर त्या घटका वायां गेल्या असें आम्हांस म्हणवणार नाहीं.