टाचा जमिनीवर

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की पनवेलच्या घराघरांत एक हट्ट ठरलेला असतो : इमॅजिका. आजच्या आईबाबांच्या लहानपणी हा मान गोराईच्या एस्सेलवर्ल्डचा होता. १९८९ साली सुरू झालेल्या त्या पार्कात जायचं म्हणजे पहाटे उठून अख्खी मुंबई ओलांडायची आणि वर खाडी पार करायची. त्यांच्या मुलांचं नशीब बरं. मनमोहन शेट्टी यांनी २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उभं केलं आणि पनवेलकरांना ते हाकेच्या अंतरावर आलं. द्रुतगती मार्गानं जा, नाहीतर पळस्पे, शेडुंग, चौक करत जुन्या रस्त्यानं. मुलं गाडीत भांडून दमायच्या आत माणूस पोहोचतो.

आत शिरल्यावर मुलांची नजर पाळण्यांवर जाते आणि मोठ्यांची नकाशावर. दोघांच्याही नजरेतून सुटते ती प्रत्येक राइडच्या तोंडाशी उभी केलेली उंचीची पट्टी. अमुक रेषेच्या वर डोकं गेलं तर आत, नाहीतर बाहेर. वशिला नाही, ओळख नाही, तिकीट किती महागाचं काढलंय याची चौकशी नाही. दादाचं डोकं रेषेच्या वर जातं आणि धाकटीचं दोन बोटं खाली राहतं, की घरातल्या एकोप्याची परीक्षा सुरू होते.

या पट्टीपाशी थोडा वेळ उभं राहून बघावं. आईबाप हळूच सांगत असतात, “टाचा उचल. केस वर घे. ताठ हो जरा.” गंमत अशी, की अशा पार्कांत मुलांचं तिकीटही बहुधा उंची बघूनच ठरतं. त्यामुळे सकाळी तिकीट खिडकीपाशी याच मुलाला “गुडघे वाकव” म्हणून सांगितलेलं असू शकतं. एकाच दिवशी एकाच मुलाला दोन उंच्या! एसटीत पाच वर्षांच्या पुढं अर्धं तिकीट, म्हणून कंडक्टर जवळ आला की मुलाचं वय चारावर थांबवायचं आणि मुलानं मोठ्यांदा “मला सहावं लागलंय” म्हणून सांगायचं, ही आपली जुनी कौटुंबिक करमणूक आहे. ती हसण्यावारी नेता येते, कारण तिथं फार तर चार पैशांचा प्रश्न असतो.

राइडच्या पट्टीचं तसं नाही. इमॅजिकातल्या नायट्रो या रोलर कोस्टरच्या आसनांखाली तळच नसतो. पाय मोकळे लोंबकळतात आणि खांद्यांवरून खाली येणारी अडसरच माणसाला धरून ठेवते. ही अडसर ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी घडवलेली असते. अंग लहान असलं की मांडी आणि अडसर यांच्यामध्ये फट राहते, आणि गाडी उलटीपालटी होताना ती फटच घात करते. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. जन्मतः ते एकूण उंचीच्या चौथ्या भागाएवढं असतं, मोठेपणी सातव्या-आठव्या भागावर येतं. पाच-सहा वर्षांचं मूल या दोहोंच्या मधे कुठंतरी असतं. एवढं डोकं पेलणारी मान अजून कोवळी असते. पट्टी हे सगळं एका आडव्या रेषेत सांगते. टाचा उचलल्यानं रेषा ओलांडता येते, पण हाडं काही लांब होत नाहीत.

तरीही हुज्जत होतेच. “अहो दादा, दोन बोटांचाच तर फरक आहे, सोडा ना.” पट्टीपाशी उभा असलेला पोरगा नम्रपणे मान हलवतो. मग एवढे पैसे भरले ते कशाला, हा प्रश्न येतो, आणि तो कुणालाही नाकारता येत नाही. चार माणसांच्या एका दिवसाला लागणारी रक्कम मध्यमवर्गीय घराला जाणवणारी असते. म्हणून बाबांच्या डोक्यात सकाळपासून एक हिशेब चालू असतो : इतक्या राइड्स झाल्या तर वसूल. या हिशेबात धाकटीचा नकार हा तोटा म्हणून मांडला जातो. ती बिचारी दोन मिनिटं भोकाड पसरते आणि टबी हत्तीच्या पाळण्याकडे धावते. रुसवा धरून बसतात ते मोठे.

खरं म्हणजे ही पट्टी आपल्या आयुष्यातल्या बऱ्याच पट्ट्यांपेक्षा सभ्य आहे. ती मुलाला दुसऱ्या मुलाशी जोडून बघत नाही. शेजारच्या विंगमधल्या चिन्मयचं डोकं कुठवर पोहोचलं, हे तिच्या गावीही नसतं. हे आसन या मुलाला सांभाळू शकेल का, एवढंच ती विचारते. आपण मात्र घरी, सोसायटीत, शाळेच्या फाटकाशी जी मापं लावतो ती सगळी तुलनेची. पहिलीच्या वर्गाला सहा वर्षं पूर्ण हवीत असा नियम असला, तर काही महिने कमी पडणाऱ्या मुलाला आत सरकवता येईल का, याची आपण चाचपणी करतो. ज्याला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही त्याला अबॅकसला घालतो. तिथं “अजून लहान आहे, थांबा” असं सांगणारं कुणी उभं नसतं, आणि असलं तरी आपण त्याच्याशी हुज्जतच घालू.

आता पट्टीबाहेर थांबणाऱ्या मोठ्यांविषयी. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात चक्री घोड्यांवर बसवायला न्यायचा आणि स्वतः बाकड्यावर बसून बघत राहायचा. आईबापांना आणि मुलांना एकत्र रमता येईल अशी जागा का असू नये, असं त्याला तिथं वाटलं. १७ जुलै १९५५ रोजी त्याचं डिस्नेलँड उघडलं. तरी बाकडं काही सुटलं नाही. आजही थोरला बाबांबरोबर किंचाळत हवेत असतो, तेव्हा धाकटीला घेऊन कुणीतरी खाली बसलेलं असतं. बहुतेक घरांत आई, नाहीतर आजी. ही पाळी वाटून घेतली तर सहल सगळ्यांची होते.

इमॅजिकावरून पुढं जाणारा रस्ता पालीला जातो. तिथला गणपती हा अष्टविनायकांतला भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा एकच, आणि तो भक्त लहान मूल होता. कथा अशी, की बल्लाळ नावाचा हा मुलगा गावातल्या मुलांना जमवून रानात दगडाचा गणपती मांडायचा. पोरं पूजेच्या खेळात तहानभूक विसरायची. तक्रारी आल्या तेव्हा त्याचे वडील कल्याण शेठ संतापले, मांडामांड उधळली, मुलाला मारून झाडाला बांधून ठेवलं. कथेतल्या बापाची माया कमी नसावी. मुलाला त्या वेळी काय पेलतं आणि कशात त्याचा जीव रमलाय, हे बघायची त्याला फुरसत नव्हती. उंचीच्या पट्टीशी हुज्जत घालणारा बाप उलट्या टोकाचा वाटतो. तो मुलाला पुढं ढकलतो, कल्याण शेठनं मागं ओढलं. मुलाच्या मापाकडं दोघांचंही लक्ष नसतं.

यावर एक साधा उपाय आहे. निघायच्या आदल्या रात्री घरातच मुलांना भिंतीशी उभं करावं, टाचा जमिनीवर टेकवून उंची मोजावी, आणि कोणत्या राइड्सना किती उंची लागते ते काढून त्यांच्यासमोर वाचावं. कशात बसता येईल आणि कशासाठी अजून थांबायचं, हे रात्रीच कळलं तर रडणं घरातच उरकतं. सकाळी मूल स्वतःच्या यादीतलं काय काय करायचं ते ठरवून गाडीत बसतं. यादी आखूड असेल तर बाबांचा हिशेब बसणार नाही. तो त्यांनी खुशाल पुढच्या वर्षावर ढकलावा; मुलगी तोवर वाढणारच आहे.