वहीत खरं तेच जाऊ दे
चि. बाबूस,


रोवणी आटोपली. बोडी काठोकाठ भरली आहे. मागच्या बांधीत सारसाची जोडी उतरते, म्हणून तुझी मोठी आई पोरांना तिकडे फिरकू देत नाही. तू वेळेवर जेवतोस ना?

जहाजावरच्या कचऱ्याचं काम तुझ्याकडे आलं, हे सांगताना फोनवर तुझा आवाज पडला होता. शिकाऊ पोराला हलकं काम दिलं, असं मनात आणू नको, राजा. मार्पोल कराराचं पाचवं परिशिष्ट त्यासाठीच तर आहे. पन्नी, प्लास्टिक कुठल्याच समुद्रात टाकायचं नाही. उरलेलं अन्न २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलं, तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपलीकडे. अख्खं असेल तर १२ मैलांपलीकडे; दोन्ही वेळा जहाज चालतं असताना. भूमध्य समुद्रात, आखातात याहून कडक. हे तुला पाठ असेल.

मला काळजी वेगळीच वाटते. अन्नाच्या बादलीत एखादी दुधाची पिशवी शिरते आणि थकलेला माणूस म्हणतो, जाऊ दे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात कार्निव्हल या क्रूझ कंपनीला २ कोटी डॉलर दंड झाला. बहामाच्या पाण्यात अन्नाबरोबर प्लास्टिक गेलं होतं, नोंदीही खोट्या होत्या. त्याआधी तिच्याच प्रिन्सेस क्रूझेसला तेलकट पाणी सोडल्याबद्दल ४ कोटी डॉलरचा दंड झाला. ते उघड केलं नव्यानेच लागलेल्या एका इंजिनियरने. नवा होता रे तोही, तुझ्यासारखाच.

आपल्या बोडीत ढिवरांच्या जाळ्यात मासळीबरोबर पन्न्या येतात. तिथे विचारायला कोणी नाही. तुमच्याकडे निदान वही आहे: तारीख, वेळ, जहाज कुठे होतं, काय आणि किती. सही साहेबाची, पानाखाली कॅप्टनची. पण मोजणारा हात तुझा. अंदाज खराच सांग. रात्री कोणी म्हणालं, टाकून दे, तर भांडू नको. नम्रपणे विचार, ‘सर, वहीत काय लिहायचं?’ तरी नाही ऐकलं, तर कॅप्टनपर्यंत जा. नोकरी गेली तर घरी ये, धान पिकतं आहे. खोट्या नोंदीत मात्र तुझा हात नको, बाळा.

आणि हातमोजे घाल. भट्टीत जाळायच्या ढिगातून स्प्रेचे डबे, बॅटऱ्या आधी वेगळ्या काढ, फुटतात मेले. बंदरात कचरा उतरवला की पावती साहेबांकडे पोचली का, तेही बघ.

मोठी आई तुझ्यासाठी नवा चिनोर तांदूळ वेगळा ठेवणार आहे. सुट्टी कधी मिळते ते कळव.

तुझे,
मोठे बाबा