मोजून आणलेली माणसं

भूमिपुत्र असल्याचा दावा मॉरिशसमध्ये कुणालाच करता येत नाही. 1598 मध्ये डच उतरले तेव्हा बेटावर डोडो होते, माणूस नव्हता. पुढे फ्रेंचांनी आफ्रिका-मादागास्करहून गुलाम आणले. बेट इंग्रजांकडे गेल्यावर 1835 मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी त्यांनी हिंदुस्थानातून साडेचार लाखांवर मजूर करारावर नेले. बहुतेक बिहारकडचे, पण तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठीही. गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते.

ज्यांना मजूर म्हणून मोजून आणलं, त्यांची मुलंबाळं शंभर वर्षांनी ओझं ठरली. मलेरिया हटला, मृत्यू घटले, लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास वाढू लागली आणि पोटापाण्याला ऊस एकटाच. 1961 च्या अहवालात अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या देशाच्या भवितव्याबद्दल जवळजवळ हात टेकले होते. पुढे त्यांना नोबेल मिळालं. भाकीत मात्र फसलं. गंमत म्हणजे ते फसवलं त्यांनीच सुचवलेल्या कारखानदारीने. 1970 मध्ये निर्यात उद्योगांना सवलती मिळाल्या, 1975 च्या लोमे कराराने साखरेला युरोपची हमखास बाजारपेठ दिली, 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. शिकलेल्या मुली कापड-कारखान्यांत कामाला लागल्या. कुटुंबनियोजनाच्या प्रचारात सरकारबरोबर कॅथलिक मंडळीही (आपल्या नैसर्गिक पद्धतींचा आग्रह धरून का होईना) उतरली होती, पण माझ्या मते पोस्टरांपेक्षा मुलींच्या हातातल्या पगाराने पाळणा जास्त लांबवला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईला सरासरी सहाच्या घरात मुलं होत. आज दीडसुद्धा नाही.

इतक्या ठिकाणांहून आलेल्या माणसांच्या एकोप्याचं म्हणाल तर तो राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यावर हातात मिळतो. चणाडाळीचं सारण भरलेल्या दोन मऊ दालपुऱ्या, त्यावर घेवड्याची आमटी, क्रिओल पद्धतीची टोमॅटोची रुगाय आणि मिरचीचा ठेचा, सगळं कागदात गुंडाळून. खाणारा कुठल्याही धर्माचा असो, मागणी क्रिओल भाषेतच करतो. संविधानाला मात्र हा गुंता मानवत नाही. ते हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ‘सामान्य’ असे चार कप्पे पाडतं आणि त्यांच्या हिशेबाने संसदेतल्या जास्तीत जास्त आठ जादा जागा वाटतं. समाजवार मोजणी 1972 नंतर थांबवली; वाटपाचा आधार अजून तोच जुना आकडा. मोजायचं नाही, पण वाटायचं, हा मुत्सद्दीपणा असेल. मला तो पळपुटेपणा वाटतो.

आता साडेबारा लाखांच्या या देशाला पुन्हा माणसं कमी पडतात. शिवणयंत्रांवर बांगलादेशी, मादागास्करचे आणि भारतीयही कामगार बसतात, पुन्हा करारावरच. 2 नोव्हेंबरला देश पूर्वी करारावर आलेल्या मजुरांच्या, म्हणजे गिरमिटियांच्या, आगमनाची सुट्टी पाळतो. त्या गिरमिटियांतल्या बहुतेकांना करार संपल्यावर तिथेच राहता आलं, म्हणून आजचा मॉरिशस उभा आहे. नव्या कामगाराने मात्र करार संपला की परत जावं, अशीच अपेक्षा असते.