शिरोरेषा आणि समान नियम

बुधवाऱ्यातील आमच्या घरी आजोबांच्या हिशेबाचे मोडी कागद अजून आहेत. आधी काठापासून काठापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, अशी ती रीत. दोन शब्दांमध्येही रेघ तुटत नसे.

त्यांची आठवण झाली ती नातीने मंडळासाठी केलेल्या संकेतस्थळामुळे. मराठी शीर्षक तिने रुंद पसरले होते. प्रत्येक अक्षर सुटे, आणि शिरोरेषेचे तुकडे. मी नापसंती दर्शविली तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, इंग्रजी शीर्षकालाही तेवढंच अंतर दिलंय. दोघांना एकच नियम." युक्तिवाद बिनतोड वाटला. दोन दिवस मी गप्प होतो.

पण नियम सारखा असला म्हणजे न्यायही सारखा होतो काय? रोमन मोठी अक्षरे मुळात सुटीच उभी असतात. त्यांतील 'ए' आणि 'व्ही' शेजारी आली की मध्ये पोकळी दिसते, म्हणून मुद्रक ती जोडी जवळ ओढतो. मथळ्यात सर्वच अक्षरे थोडी दूरही सारतो. त्यांचे काही बिघडत नाही. शिरोरेषा सोडलेल्या गुजरातीलाही हे सोसते. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ घेऊन येते आणि शेजारच्या रेघेला भिडवते. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळचे शिशाचे खिळेही असेच भिडवून जुळवीत. रेघ तुटली की शब्द संपला, असे आपला डोळा शिकला आहे. मोडीत ही खूण नव्हती, तेव्हा रेघ पवित्र आहे असे मी म्हणणार नाही. मात्र आज वाचणारा याच खुणेवर विसंबतो.

आपल्या जामा मशिदीत १५९० च्या सुमाराचे, आदिलशहा फारूकीच्या काळचे, अरबी आणि संस्कृत असे दोन्ही लेख आहेत. अरबी उजवीकडून डावीकडे, संस्कृत डावीकडून उजवीकडे. अरबी लिपीत ओळ भरायची तर अक्षरे तोडीत नाहीत, जोडच लांबवितात. एकीची रीत दुसरीवर लादावी असे त्या कारागिरांस वाटले नाही.

उपाय अगदी लहान निघाला. हा मजकूर मराठी आहे अशी नोंद पानात करावयाची आणि तेवढ्यापुरते अक्षरांतर शून्य ठेवावयाचे. तिने नोंद 'हिंदी' अशी केली होती! ती सुधारताच 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही उमटली, कारण त्या टंकात ती होतीच. शाळेत हिंदी शिकणारी आमची मुले मराठी वाचतात ती बहुधा याच पानांवर. त्यांना ही वळणे दुसरीकडे कोठे दिसणार?

शीर्षक आता दोन ओळींत मोडते. तिला ते आवडलेले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही फारसे नाही.