शासन, श्रद्धा आणि अमानत



धर्म घरापुरता ठेवावा, शासनात आणू नये, असे आपण वारंवार ऐकतो. ते ऐकून काहींना आपल्या श्रद्धेवर घाला आल्यासारखे वाटते; काहीजण विचार न करताच मान डोलावतात. वस्तुतः या एका विधानात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. शासनाने कोणावर श्रद्धा लादू नये, ही एक. कारभार करणाऱ्याने कारभारापुरते अल्लाहला विसरावे, ही दुसरी. पहिली इस्लामला मान्य आहे. दुसरी मुळीच नाही.

पहिल्या गोष्टीसाठी आपलाच इतिहास पाहावा. इ. स. 833 मध्ये अब्बासी खलीफा मामून याने बगदादच्या काजींची व विद्वानांची परीक्षा घेण्याचा हुकूम काढला. कुरआन हा निर्मित आहे, हे मत सर्वांनी मान्य करावे, असा त्याचा आग्रह होता. अनेकांनी भयापोटी होकार दिला. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी मात्र कुरआन आणि सुन्नतमधून पुरावा मागितला. मामूननंतर आलेल्या मोअतसिमच्या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला, फटके सोसले. पण ते ढळले नाहीत. पुढे मुतवक्किलच्या काळात हा छळ थांबला आणि दरबारातून देणग्या येऊ लागल्या. इमाम त्यांपासूनही दूरच राहिले. त्यांच्याही आधी इमाम अबू हनीफा (रह.) यांनी खलीफा मन्सूरने देऊ केलेले काजीपद नाकारून कैद पत्करली होती.

लक्षात घ्यावे, मामून मुसलमान होता आणि धर्माच्याच नावाने हुकूम देत होता. तरीही अंतःकरणावरचा अधिकार या बुजुर्गांनी सत्तेच्या हाती दिला नाही. श्रद्धेत जबरदस्तीला स्थान नाही, ही सूरह अल्-बकराची शिकवण आहे. आपल्या देशाच्या संविधानातील कलम 25 प्रत्येकाला श्रद्धेचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. कलम 27 नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. हे संरक्षण आपण स्वतःसाठी मागतो, तर शेजाऱ्यासाठीही मागितले पाहिजे.

आता दुसरी गोष्ट. माननीय अबू बकर (रजि.) यांनी खिलाफतीची जबाबदारी स्वीकारताच लोकांना सांगितले, की मी योग्य वागलो तर साहाय्य करा, चुकलो तर मला सरळ करा. खलीफा उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याविषयी सांगितले जाते, की सरकारी काम संपून घरगुती बोलणे सुरू झाले, की ते बैतुलमालच्या तेलाचा दिवा विझवून स्वतःचा दिवा लावीत. त्यांना पाहणारा कोणी तपासनीस नव्हता. जनतेचे तेल आणि घरचे तेल वेगळे ठेवायला त्यांना ईशभयानेच शिकवले होते.

आणि आपण? जुम्याची नमाज अदा करून कचेरीत परतणारा मनुष्य जर एखाद्या विधवेचा अर्ज पैशासाठी अडवून ठेवत असेल, तर त्याने धर्म आणि शासन यांची सर्वांत वाईट फारकत केली आहे. रेशनचे धान्य कमी मोजणारा, मत विकणारा आणि मशिदीच्या निधीचा हिशेब न देणारा, हे सारे त्याच वाटेचे प्रवासी आहेत. सूरह अन्-निसा अमानत हक्कदाराला पोहोचविण्याचा आणि लोकांमध्ये न्यायाने निर्णय करण्याचा आदेश देते. सूरह अल्-माइदा बजावते, की एखाद्या समूहाशी असलेले वैरसुद्धा तुम्हाला न्यायापासून दूर नेता कामा नये. समोर उभा असलेला अर्जदार कोणत्या धर्माचा आहे, हे विचारण्यास येथे वावच नाही.

म्हणून कोणाच्या श्रद्धेवर सत्ता चालवू नका आणि आपली श्रद्धा सत्तेला विकू नका. पण हाती एखादे पद, शिक्का किंवा किल्ली आली, तर अल्लाहसमोर तिचा जाब द्यावा लागणार आहे, हे क्षणभरही विसरू नका. अल्लाह आपणा सर्वांना न्यायाने वागण्याची आणि अमानत जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.