आकाशांत सोडलेल्या वस्तूचें ऋण

मनुष्य पोटासाठीं काय करतो यावरून त्याची गरज कळते. पोटाची चिंता मिटल्यावर तो काय करतो यावरून त्याची पारख होते. म्हणून छंदांचा विचार हा नीतिविचाराचाच एक भाग आहे, असें आम्ही मानतों. जें कोणी करावयास सांगितलें नाहीं, ज्याचा मोबदला मिळत नाहीं आणि जें न केल्यानें कोणाचें अडत नाहीं, तें करतांना मनुष्य कसा वागतो, हें पाहण्यासारखें असतें.

आज ज्या छंदाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे तो म्हणजे बिनतारी लहरींच्या योगानें चालणारीं लहान विमानें बांधणें व उडविणें. शहरांतून तो आतां नवा राहिलेला नाहीं. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेंतील मुलांना तर प्रतिकृति-विमानांचें शिक्षणच मिळतें. पण सिंदेवाहीसारख्या, रान आणि धानाच्या बांध्या यांच्यामध्यें वसलेल्या गांवीं एखादा तरुण ओसरीवर थर्मोकोल कापावयास बसला, तर घरांतील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : याचा उपयोग काय ? प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर आम्ही पुढें देऊं. परंतु याहून अवघड असा दुसरा एक प्रश्न या छंदाच्या पोटांत दडलेला आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. आपण स्वतः जमिनीवर सुरक्षित उभें राहून जी वस्तु दुसऱ्यांच्या डोक्यावरून नेतों, तिच्यापायीं आपण कोणाचें व किती देणें लागतों ?

ज्यांनीं हा प्रकार जवळून पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें वर्णन अवश्य आहे. बाल्सा नांवाचें अतिशय हलकें लाकूड किंवा थर्मोकोलसारखा फेंस यांचे पंख व शेपूट करतात. नाकाशीं विजेची लहान मोटार व पंखा, पोटांत बॅटरी, आणि सुकाणूच्या पट्ट्या ओढणाऱ्या चिमुकल्या यंत्रपेट्या बसवितात; यांस सर्व्हो म्हणतात. उडविणाऱ्याच्या हातांत एक पेटी असते. तिच्यावरील दोन दांड्या हालविल्या, कीं चार आज्ञा लहरींवरून विमानापर्यंत पोंचतात : नाक वर-खालीं करणें, तें डावी-उजवीकडे फिरविणें, विमान एका कुशीवर कलविणें आणि वेग कमी-अधिक करणें. यांहून महत्त्वाचा असतो तो तोल. साध्या विमानांत गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या सुमारें एकचतुर्थांशावर साधावा लागतो. तो फार मागें सरकला, तर कितीहि कुशल हात असला तरी विमान आवरत नाहीं.

या छंदाचा पहिला गुण येथेंच दिसतो. हवेपुढें वशिला चालत नाहीं. परीक्षकाला गुण वाढवून मागतां येतात, वाचकाला शब्दांनीं भुलवितां येतें. वाऱ्याला भुलवितां येत नाहीं. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर विमान उडविलें, अशी कथा महाराष्ट्रांत अभिमानानें सांगितली जाते. तिला भक्कम असा समकालीन पुरावा मिळालेला नाहीं; आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'शीं तिचा संबंध जोडतात, त्यांत वर्णिलेलीं विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं काढला. ज्यानें एकदां तरी स्वतःच्या हातानें पंख घडवून तो पडलेला पाहिला आहे, त्याला अभिमान व पुरावा यांतील अंतर निराळें शिकवावें लागत नाहीं. ही शिकवण लहान नव्हे.

आतां उपयोगाचा प्रश्न. या छंदाचे कैवारी बहुधा इतिहासाचा दाखला देतात, आणि तो दाखला खोटा नाहीं. १८७१ सालीं आल्फॉन्स पेनो या फ्रेंच तरुणानें पॅरिसच्या एका बागेंत रबराच्या पिळानें चालणारें लहान विमान ११ सेकंद उडवून दाखविलें. त्याच्याच कल्पनेवर बेतलेलें एक खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या मुलांना आणून दिलें. विल्बर व ऑर्व्हिल राइट हीं तीं मुलें. पंचवीस वर्षांनीं, १७ डिसेंबर १९०३ रोजीं, त्यांनीं मनुष्यास वाहून नेणारें विमान उडविलें. पण याच इतिहासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सॅम्युएल लँग्ले या विद्वानाचें वाफेवर चालणारें मनुष्यरहित विमान १८९६ सालीं सुमारें ३,३०० फूट उडालें. त्याच धर्तीचें मोठें विमान मात्र १९०३ सालीं दोन्ही खेपांस नदींत कोसळलें. लहानांत जें साधतें तें मोठ्यांत साधेलच असें नाहीं. शिवाय हजार मुलांनीं विमानें बांधलीं तर त्यांतील नऊशें नव्याण्णव राइट होणार नाहींत. मग त्या नऊशें नव्याण्णवांचा वेळ वायां गेला म्हणावयाचा काय ? जो छंद एखाद्याच्या कीर्तीवरच समर्थनीय ठरतो तो वस्तुतः समर्थनीय नव्हेच. म्हणून उपयुक्ततेचा हा दाखला आम्ही आदरानें बाजूस ठेवतों.

तो बाजूस ठेवण्याचें आणखी एक कारण आहे. उपयोग म्हटला कीं त्यांत सर्वच उपयोग आले. १९३७ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं 'गफ' नांवाचें बिनतारी विमान उडविलें, आणि तें आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत मानानें जपलेलें आहे. त्याच दशकांत रेजिनाल्ड डेनी या नटानें हॉलिवुडांत अशाच विमानांचें दुकान काढलें होतें. त्या दुकानांतून पुढें एक कारखाना उभा राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धांत तोफखान्याला नेमबाजीच्या सरावासाठीं लागणारीं सुमारें १५,००० वैमानिकरहित विमानें त्याच्या रचनेवर तयार झालीं. निशाण म्हणून पाडावयाच्या विमानांपासून स्वतःच निशाण शोधणाऱ्या विमानांपर्यंत काळ कसा आला, हें आपण वर्तमानपत्रांतून रोज वाचतों. खेळणें आणि शस्त्र यांच्यांत येथें यंत्राचा फरक थोडा आहे. मग फरक आहे तो कशांत ?

आम्हांस वाटतें, त्याचें मूळ एका साध्या गोष्टींत आहे. ऑटो लिलियेन्टाल हा जर्मन साहसी पुरुष १८९६ सालीं आपल्याच ग्लायडरवरून पडून मेला. जो विमानांत बसतो त्याचा गुरु भय हा असतो. चूक झाली तर पहिली किंमत त्यालाच द्यावी लागते, आणि म्हणून तो जपून वागतो. बिनतारी विमान उडविणाऱ्याला हा गुरु नाहीं. त्याचे पाय जमिनीवर असतात. त्याची चूक भलत्याच्या कौलावर, भलत्याच्या बैलावर, क्वचित् भलत्याच्या डोक्यावर पडते. सत्ता आपली आणि संकट दुसऱ्याचें, ही स्थिति मनुष्याच्या नीतीला नेहमींच जड गेली आहे.

याचें एक उदाहरण खुद्द सिंदेवाही तालुक्यानें पाहिलें आहे. २ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस. त्या संध्याकाळीं महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं लोकांनीं आकाशांतून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या, आणि लाडबोरी या गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें, चाळीसएक किलो वजनाचें धातूचें कडें उघड्या जागेंत येऊन पडलें. पवनपार येथें एक धातूचा गोळाहि सांपडला. कोणास इजा झाली नाहीं हें दैव. तें कडें सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यांत ठेवण्यांत आलें. चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' जातीच्या, आदल्या वर्षीं सोडलेल्या अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असें जाणकारांचें मत पडलें.

ज्यांनीं तो अग्निबाण सोडला ते दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. ते बहुधा आपल्या कामांत निष्णात आणि घरीं सज्जन असे लोक असतील. त्यांनीं लाडबोरीचें नांव ऐकलेलें नव्हतें, इतकेंच. पण हें 'इतकेंच' सर्व कांहीं सांगून जातें. अंतराळांतून पडलेल्या वस्तूनें पृथ्वीवर नुकसान केलें तर ती सोडणाऱ्या राष्ट्रानें भरपाई द्यावी, असा १९७२ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे. १९७८ सालीं रशियाचा 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह कॅनडांत पडला तेव्हां रशियानें अखेर १९८१ सालीं तीस लाख कॅनेडियन डॉलर देऊं केले. कायदा हा असा नुकसानीनंतर जागा होतो. नीतीनें आधीं जागें असावें अशी अपेक्षा असते. आणि जेथें टाकणारा व ज्याच्या अंगणांत पडावयाचें तो, हे एकमेकांस दिसतच नाहींत, तेथें ती झोंपी जाते.

आतां आमच्या छंदाकडे परत वळूं. भयाच्या जागीं या छंदाजवळ तीन बंधनें आहेत, आणि तीं पाळलीं जातात तोंवरच तो निर्मळ राहतो. पहिलें बंधन घडविण्याचें. ज्यानें महिनाभर सांधे जुळविले त्याला कोणता सांधा कच्चा आहे हें ठाऊक असतें. अज्ञानाची सबब त्याला सांगतां येत नाहीं. दुसरें बंधन पाहण्याचें. २०२१ च्या ड्रोन नियमांतहि प्रतिकृति-विमान हें उडविणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत चालवावयाचें, असेंच धरलें आहे. या पाहण्यांत एक चमत्कारिक शिक्षण आहे. विमान दूर जात असतां आपलें उजवें तें त्याचें उजवें असतें. तें वळून आपल्याकडे येऊं लागलें कीं आपलें उजवें तें त्याचें डावें होतें. नवशिका बहुधा याच क्षणीं विमान पाडतो. यांतून सुटण्याचा मार्ग एकच : मनानें त्या विमानांत जाऊन बसावें आणि तेथून जग पाहावें. आपल्या पुराणांत याला परकायाप्रवेश म्हणतात. समोरून येणाऱ्याचें डावें-उजवें त्याच्या जागेवरून समजून घेणें, ही संसारांतहि दुर्मिळ असलेली विद्या हा खेळ बोटांना शिकवितो.

तिसरें बंधन वेंचण्याचें, आणि तें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. विमान पडतेंच. तें पडलें कीं बांधावरून चालत जावें लागतें. धान लोंबीवर असेल तर शेताच्या मालकाला विचारावें लागतें, पीक तुडविलें असेल तर त्याचें बोलणें ऐकून घ्यावें लागतें, आणि मोडकेंतोडकें सर्व उचलून घरीं आणावें लागतें. विशेषतः बॅटरी तेथें सोडतां येत नाहीं. ती चेपली तर पेट घेऊं शकते. आपल्या कृत्याचे अवशेष आपल्याच हातांनीं गोळा करणें, यासारखें नीतीचें शिक्षण दुसरें नाहीं. लाडबोरीच्या कड्याजवळ त्याचा कर्ता आला नाहीं; तो बांधावरून चालत येऊं शकत नव्हता.

येथें एक आक्षेप संभवतो. २००३ सालच्या ऑगस्टांत मेनार्ड हिल या वृद्ध अमेरिकन गृहस्थानें पांच किलोंहूनहि कमी वजनाचें विमान न्यूफाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत, अटलांटिक ओलांडून, सुमारें ३८ तास ५२ मिनिटें उडविलें. त्या वेळीं त्याचें वय ७७ होतें व त्याची दृष्टि जवळजवळ गेलेली होती. मग पाहण्याचें बंधन मोडलें नाहीं काय ? आमचें उत्तर असें, कीं त्याचें विमान समुद्रावरून जाईल असें योजलेलें होतें, वाट त्याच्या यंत्रांत भरून दिलेली होती, आणि पैलतीरीं तें उतरवून घ्यावयास सहकारी वाट पाहत उभे होते. डोळ्यांची जागा तेथें काळजीनें घेतली होती. अर्थात् बंधन केवळ डोळ्यांचें नाहीं. 'हें कोठें उतरेल' या प्रश्नाचें उत्तर हातांतून सोडण्यापूर्वीं तयार असण्याचें आहे.

इतक्या लहान खेळाला इतकी नीति कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही संक्रांतीच्या पतंगाचें स्मरण देऊं. पतंगाइतका निरुपद्रवी खेळ दुसरा कोणता ? पण त्याला नायलॉनचा मांजा लागला, आणि वैदर्भीय शहरांतून पक्ष्यांचे पंख व वाटसरूंचे गळे कापले जाऊं लागले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं त्या मांज्यावर बंदी घातली; तरी तो विकला जातो, कारण पतंग काटणाऱ्याला कापलेला गळा दिसत नाहीं. रानाच्या कडेला, घरट्यांवरून व जनावरांच्या वाटांवरून विमान उडविण्याचा मोहहि याच जातीचा आहे.

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें. या छंदाचा उपयोग पुढें नोकरीसाठीं होईल कीं नाहीं याची पंचाईत करूं नये. आपल्या हातून सुटलेली वस्तु आपली असण्याचें थांबत नाहीं, हें ज्या वयांत समजावयास हवें त्या वयांत तो समजावतो, हा त्याचा उपयोग. आपलीं मुलें उद्यां कचेरींत, कारखान्यांत, कायदेमंडळांत बसून न पाहिलेल्या गांवांवर जाऊन पडणारे निर्णय घेणार आहेत. मुलाला विमान अवश्य घेऊन द्यावें, बांधूं द्यावें, उडवूंहि द्यावें. अट एकच घालावी, कीं तें जेथें पडेल तेथें त्यानें स्वतः जावें, ज्याच्या जागेंत पडेल त्याच्याशीं बोलावें, आणि शेवटचा तुकडा सांपडेपर्यंत परत येऊं नये.