वडिलांचे युद्ध

पितृऋण कशाने फिटते, या प्रश्नाचा निकाल आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी लावून ठेवला आहे, असे आपण धरून चालतो. परंतु ज्या पित्याचे तोंडही मुलाला आठवत नाही, आणि ज्याची रक्षासुद्धा भूमीला लागली नाही, त्याच्या बाबतीत तो निकाल पुरा पडतो काय? देह न सापडल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितलेला आहे. त्या विधीने सुतक फिटते. तळमळ मात्र राहते, आणि ती शमविण्यासाठी हल्ली माणसे विमानात बसून विलायतेस जातात.

तळवलीस आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ नुकतेच मुलगा, सून व नात यांच्यासह असे जाऊन आले. त्यांचे वडील रत्नागिरीकडचे. बोटीवर आगवाला म्हणून, म्हणजे भट्टीत कोळसा ओढण्याच्या कामावर, ते १९४१ साली मुंबईहून गेले, आणि पुढल्या वर्षी अटलांटिकात जहाजाबरोबर बुडाले. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. मंडळींनी लिव्हरपूलची गोदी पाहिली आणि मग लंडनला टॉवर हिलचे स्मारक गाठले. व्यापारी जहाजांवरील ज्या खलाशांना समुद्रावाचून दुसरे थडगे नाही, त्यांचे हे स्मारक. दुसऱ्या महायुद्धाचा त्याचा भाग १९५५ साली खुला झाला, व त्यावर सुमारे चोवीस हजार नावे आहेत. ती जहाजवार लावलेली असल्यामुळे शोध सोपा होता. नातीला जहाज सापडले. पणजोबा सापडले नाहीत.

सापडणार तरी कसे? हिंदी खलाशांची नावे मुंबई व चितगाव येथील स्मारकांकडे सोपविलेली आहेत. एकाच जहाजाबरोबर तळाशी गेलेली माणसे स्मरणात अशी दोन खंडांत वाटली गेली. मुंबईचे स्मारक मशीद बंदराजवळच्या खलाशीगृहात आहे, आणि दर्यावर्दी दलाचे व व्यापारी जहाजांचे मिळून सहा हजारांहून अधिक मृत त्याच्या स्मरणयादीत आहेत. ज्याच्यासाठी सातासमुद्रापार जावे, ते खाडीच्या पलीकडे, वाशीला गाडी बदलून जाण्याइतके जवळ असावे!

नातीला याचा संताप आला, आणि तो अगदीच अनाठायी आहे असे आम्हांस वाटत नाही. युद्धमृतांची स्मारके सांभाळणारे मंडळ १९१७ साली स्थापन झाले ते पद, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखे लेखण्याच्या तत्त्वावर. आणि पहिल्या महायुद्धातील हिंदी व आफ्रिकी मृतांच्या बाबतीत ते तत्त्व पाळले गेले नाही, अशी कबुली त्याच मंडळाने २०२१ साली दिली. ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज १७ सप्टेंबर १९४० रोजी पाणतीराने बुडाले. त्यावरील नव्वद निर्वासित मुलांपैकी सत्याहत्तर मुले दगावली, ही हकीकत इंग्लंडात घरोघर ठाऊक झाली. त्याच रात्री सुमारे शंभर हिंदी खलाशी गेले, हे फार थोड्यांस माहीत असते. मुलांच्या मृत्यूचा चटका अधिक बसावा यात गैर काही नाही. पण खलाशांनाही मुले होतीच.

तथापि आमचा खरा मतभेद झाला तो त्या गृहस्थांच्या चिरंजीवांशी. आजोबांना ‘हुतात्मा’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह. आम्हांस तो शब्द खटकतो. ते युद्ध आगवाल्याचे नव्हते. त्याला कोणी विचारून ते पुकारलेले नव्हते. गोऱ्या खलाशाच्या एक चतुर्थांशाच्या आसपास पगार घेऊन तो त्याच पाण्यात, त्याच तोफेच्या माऱ्यात जात होता. १९३९ च्या अखेरीस हिंदी खलाशांनी विलायतेच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले व कित्येक तुरुंगात गेले, यावरून ते कशासाठी बोटीवर चढत होते हे उघड आहे. पोटासाठी. आता, पोटासाठी गेलेला माणूस हुतात्म्याहून उणा, असे मनात धरूनच आपण त्याला उसना शब्द चढवीत नाही काय? बापाची थोरवी आधी सिद्ध व्हावी आणि मग आपण ऋण मान्य करावे, ही सावकारी रीत झाली. रत्नागिरीस जी मनिऑर्डर येत होती, तिच्यावर हे मूल वाढत होते. त्या ऋणाला साम्राज्याची वा राष्ट्राची मोहोर कशाला हवी?

चिरंजीव म्हणाले, “सर, तुम्ही आजोबांना लहान करता.” म्हातारे गृहस्थ इतका वेळ गप्प होते. त्यांनी एवढेच विचारले, की भट्टीपाशी उष्मा किती असेल. बोटीच्या पोटात, त्यातून उष्ण कटिबंधात, आगवाले उष्माघाताने कोसळत, हे आम्ही वाचले होते, ते सांगितले. त्यावर ते म्हणाले, “आई सांगायची, घरी आले की ते अंगणात निजत. थंडीतसुद्धा.”

मशीद बंदरास जाण्याचे त्यांनी अद्याप ठरविलेले नाही. नात मात्र पितृपक्षापूर्वी त्यांना घेऊन जाणार म्हणते.